खंडणीसाठी ओलीस धरलेला माणूस जिवंत कसा राहतो? घरच्यांनी मागितलेले पैसे द्यावेत का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. नाही. जहाजावरच्या माणसाच्या घरच्यांनी एक रुपयासुद्धा द्यायचा नाही.

मी गुहागर तालुक्यातला. जहाजावर ए.बी., म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी, होतो. ऑक्टोबर 2010 मध्ये सोमाली चाच्यांनी आमचं जहाज पकडलं, त्यानंतर 218 दिवस आम्ही त्यांच्या ताब्यात. ते चढले तेव्हा आम्ही सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद करून लपायच्या मजबूत खोलीत, धावलो, पण कुक बाहेर राहिला. एक माणूस बाहेर राहिला की सिटाडेलचा उपयोग संपतो. त्याच्या मानेला बंदूक लावली की आतल्यांना दार उघडावंच लागतं. आम्ही उघडलं. "एवढे बावीस जण होतात, लढलात का नाही?" हे मला गावात बऱ्याच जणांनी विचारलंय. रायफलीपुढे पाना उचलणारा एकटा मरत नाही, बाकीच्यांनाही घेऊन मरतो.

जिवंत राहायचं म्हणजे हात दिसतील असे ठेवायचे, मोबाइल लपवायचा नाही, सांगितलं तिथे बसायचं, मिळेल ते खायचं. आमचं रेशन जानेवारीतच संपत आलं. मग दिवसातून एकदा भात, तोही टाकीच्या तळातल्या तांबेऱ्याच्या पाण्यात शिजवलेला, लालसर. मागच्या डेकवरून गळ टाकायला परवानगी होती, म्हणून अधूनमधून मासा मिळायचा. नशेचा पाला चघळून त्यांची पोरं संध्याकाळी तारवटायची, तेव्हा त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही. आणि नौदलाने धाड घातलीच तर पालथं पडायचं, हात रिकामे, पळायचं नाही. अंधारात कमांडोला तुम्ही कोण हे कळत नसतं.

आता पैशाचं. सोमालियातले चाचे कंपनीशी वाटाघाटी करायचेच, पण सौदा अडला की आम्हाला घरी फोन करायला लावायचे. मार्चच्या सुरुवातीला माझी पाळी आली. ब्रिजवर गुडघ्यावर बसवलं. मागे एकाने रायफलचं तोंड मानेच्या खळग्यात टेकवलं. लोखंड उन्हाने तापलेलं होतं, ते अजून आठवतं. दुभाष्याने सांगितलं, रड, घर विकायला सांग. मला वेगळं रडायची गरज पडली नाही. बायकोने फोन उचलला आणि मी ओरडलो, "बाग विका, काय असेल ते विका, हे मला मारतील." हे मी बोललो. नाकारत नाही.

ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, आई बऱ्या आहेत. पोरगी शाळेत जाते. कैरी सुपारीएवढी झालीय." दुभाष्याने फोन हिसकावला तेव्हा तिने त्याला हिंदीत एकच वाक्य सांगितलं, "हमारे पास कुछ नहीं, कंपनी से बोलो," आणि फोन ठेवला. त्या रात्री मला तिचा इतका राग आला होता की काय सांगू. पण दुसऱ्या दिवसापासून मी दिवस मोजायचे सोडले आणि कैरी मोजायला लागलो. आता लिंबाएवढी झाली असेल. आता अंड्याएवढी. आता बाठ धरली असेल.

तिकडे घरी काय चाललं होतं ते मला सुटल्यावर कळलं. शिमग्याला दादा मुंबईहून आला तो गिऱ्हाईक घेऊनच. बाग आईच्या नावावर, 64 कलमं. आई अंगठा द्यायला तयार होती. कुठली आई नसणार? बायको आडवी आली. दाभोळच्या एका निवृत्त बोसनने (बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तिला आधीच समजावून ठेवलं होतं: फोन एकानेच घ्यायचा, कबूल काही करायचं नाही, आणि मानेवर बंदूक असलेला माणूस जे बोलतो ते त्याचं बोलणं समजायचं नाही. घरून पैसे निघतात हा वास लागला की आकडा वर जातो, कंपनी हात आखडता घेते आणि सगळ्यांचीच सुटका लांबते. माझी एकट्याची बाग विकून बाकीचे एकवीस सुटणार होते का? मलाही त्यांनी वेगळं सोडलं नसतं. पैसे मोजूनही सोडत नाहीत असं झालेलं आहे. ॲस्फाल्ट व्हेंचर जहाज सप्टेंबर 2010 मध्ये पकडलं, एप्रिल 2011 मध्ये खंडणी पोचली, तरी त्यावरच्या 7 भारतीयांना मागे ठेवून घेतलं, कारण भारताने पकडलेले त्यांचे साथीदार त्यांना परत हवे होते. ते सातजण ऑक्टोबर 2014 मध्ये सुटले.

आमचे पैसे कंपनीने दिले. छोट्या विमानातून पॅराशूटने डबा समुद्रात पडला. त्याआधी आम्हाला डेकवर रांगेत उभं करून विमानातून मोजलं होतं. मे महिन्यात घरी पोचलो तेव्हा शेवटची आढी लावलेली होती.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे: "तू स्वतः विका म्हणालास, आणि हिने नवऱ्यापेक्षा कलमं मोठी मानली." हे तो माझ्या पोरीसमोर बोलतो. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितोय. त्या सात महिन्यांत मॅनिंग एजंटने, म्हणजे जहाजावर माणसं भरणाऱ्या एजंटने, घरी पगार पाठवणं बंद केलं होतं. हिने काजू सोलून घर चालवलं, आईचं औषध चुकवलं नाही, आणि रात्री दोन वाजता वाजणारा प्रत्येक फोन स्वतः घेतला. तू विक्रोळीला होतास. (पगाराचा नियम आता बदललाय. डिसेंबर 2020 पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार ओलीस असेपर्यंत खलाशाचा पगार चालू ठेवावाच लागतो. एजंट नाही म्हणाला तर डीजी शिपिंगकडे, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी महासंचालनालयाकडे, जा.)

माणूस पहिल्यासारखा होतो का हे कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो, होत नाही. मी दोन वर्षांनी रत्नागिरीला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, पहिल्याच महिन्यात जायला हवं होतं.

एक राहिलं. हे सगळं समुद्रावरचं आहे, जिथे मागे मालक आणि विमा कंपनी असते. जमिनीवर कुणाच्या मुलाला उचललं असेल तर माझं ऐकून गप्प बसू नका. लगेच 112 लावा, गुपचूप पैसे घेऊन एकटे जाऊ नका, फोन आला तर पोलीस सांगतील तसं बोला. खंडणीसाठी अपहरणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 140(2) खाली फाशी किंवा जन्मठेप आहे, पोलीस अशी तक्रार हलक्यात घेत नाहीत.

64 पैकी दोन कलमं निसर्ग वादळात गेली. बाकीची उभी आहेत, आणि सातबारावर आता आईच्या खाली हिचं नाव चढवायचा अर्ज मी दिलाय.