मक्याची भाकरी दुमडत का नाही? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात मेक्सिकन जेवणाविषयी ओझरता उल्लेख आला आणि त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. जागेअभावी त्यांपैकी पाचच येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची नातवंडे छप्पन दुकानला गेली की हट्टाने मेक्सिकन काहीतरी मागवतात. इंदुरात पोहे-जिलबी आहे, सराफ्यात भुट्ट्याचा कीस आहे, थंडीत गराडू आहे. एवढे असताना त्या परक्या खाण्यात त्यांना काय सापडते? हे निव्वळ फॅड नव्हे काय? (एक आजोबा, रामबाग, इंदूर)

उत्तर : फॅडचा भाग त्यात आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. परंतु आपण ज्या भुट्ट्याच्या किसाचा दाखला दिलात, त्याच्याकडेच जरा निरखून पाहावे. त्यातला भुट्टा मूळचा मेक्सिकोचा आहे. तेओसिंते नावाच्या एका रानगवतापासून तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सुमारे 9000 वर्षांपूर्वी मका घडवण्यास सुरुवात केली. त्या किसातली हिरवी मिरचीही तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्यावर चालत होता. राजमा, टोमॅटो आणि लाल भोपळा हेही त्याच खंडाचे, आणि ‘चिकू’ हा आपल्याला अस्सल घरचा वाटणारा शब्द तिकडच्या ‘चिकोसापोते’वरून आलेला आहे. तात्पर्य, नातवंडांची जीभ ज्या अन्नाला ओळखते, ते तिला आपल्याच स्वयंपाकघरात आधी भेटलेले असते.

चवीची मांडणीही ओळखीची आहे. इंदुरी पोह्यांवर आपण सेव, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि जिरावन हा मसाला घालतो व वर लिंबू पिळतो. मऊ पदार्थावर कुरकुरीत, फिक्यावर झणझणीत आणि या सगळ्यावर आंबट, हाच तो हिशेब. मेक्सिकोतील रस्त्यावरचा टॅको नेमक्या याच हिशेबाने बांधलेला असतो. मक्याच्या मऊ, पातळ भाकरीवर, म्हणजे टॉर्टियावर, शिजवलेले सारण, त्यावर बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर, साल्सा ही तिखट चटणी आणि शेवटी लिंबाची फोड. गंमत अशी की त्यांचा कांदा, त्यांची कोथिंबीर आणि त्यांचे लिंबू हे तिन्ही स्पॅनिश लोकांनी समुद्रापलीकडून तिकडे नेलेले आहेत. परका कोण आणि घरचा कोण, हे ठरवण्याची घाई त्यामुळे दोन्ही बाजूंनी न केलेलीच बरी.

प्रश्न : घरी टॉर्टिया करण्याच्या हेतूने मक्याच्या पिठाची पातळ भाकरी थापली. सारण भरून दुमडताच ती मधोमध तुटली. पाणी गरम घेतले होते, पीठही ताजे होते. चूक कोठे झाली? (एक गृहिणी, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : चूक आपल्या हाताची नाही, पिठाची आहे. मला विचाराल तर मेक्सिकन स्वयंपाकाचे सारे मर्म याच एका प्रश्नात आहे, म्हणून याचे उत्तर थोडे लांबणार आहे.

आपण कोरडा मका दळून पीठ करतो. मेक्सिकोत मात्र वाळलेला मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्याच पाण्यात मुरू देतात, सकाळी चोळून धुतात व त्याची सुटलेली साले काढून टाकतात, आणि मग तो ओलाच वाटतात. या क्रियेचे मूळ नाव नाहुआतल या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून त्यात ‘राख’ या अर्थाचा शब्द आहे, कारण चुन्याच्या जोडीने लाकडाची राखही या कामी वापरली जात असे. चुन्यामुळे दाण्याच्या सालीतला चिवट भाग विरघळतो, पिठाला चिकटपणा येतो आणि भाजलेली टॉर्टिया रुमालासारखी दुमडता येते. या ओल्या पिठाला ‘मासा’ म्हणतात. ते वाटण्याचा दगडी पाटा तीन पायांचा असतो, त्याला ‘मेताते’ म्हणतात, आणि त्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकलावा लागतो. आपल्या पाटा-वरवंट्यावर पुरण वाटलेल्या पिढीला त्या कष्टाची कल्पना निराळी देण्याची गरज नाही. तेथील खेड्यांतील बायकांचा पहाटेचा कित्येक तासांचा वेळ पिढ्यान्‌पिढ्या याच पाट्यावर गेलेला आहे, आणि विजेची चक्की गावात आली तेव्हा त्यांच्या दिवसाला तास मिळाले.

चुन्याचा दुसरा गुण याहून मोठा आहे. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा रीतीने बांधलेले असते की नुसता मका खाल्ल्याने ते शरीराला मिळत नाही. चुन्यात शिजवल्यावर ते मोकळे होते, शिवाय कॅल्शियमही वाढते. युरोपीय लोकांनी मेक्सिकोतून मका नेला, पण चुना तेथेच राहिला. बायकांच्या चुलीपाशी चाललेल्या त्या खटाटोपात काही शास्त्र असेल, असे त्यांना वाटले नसावे. परिणाम असा झाला की स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने ग्रासले. कातडी काळवंडून सोलवटणे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश अशी त्याची लक्षणे असतात. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने 1735 मध्ये त्याचे वर्णन केले, विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले, आणि नायसिनच्या अभावाशी त्याचा संबंध 1937 मध्ये सिद्ध झाला. मेक्सिकोतील आजीबाईंनी या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हजारो वर्षे आधी पातेल्यात शोधून ठेवले होते.

आपल्याला करून पाहायचे असल्यास एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा स्वच्छ चुना पुरतो. रंगाच्या दुकानातला चुना चुकूनही आणू नये. मका बाजारातल्या गोड कणसांचा नको, पिठासाठी जो वाळवलेला पांढरा किंवा पिवळा मिळतो तो घ्यावा, आणि भांडे ॲल्युमिनियमचे न घेता स्टीलचे घ्यावे. शिजवून मुरवलेला मका दोन-तीन पाण्यांत धुऊन जाडसर कापडावर निथळावा. मिक्सरमध्ये तो नीट वाटला जात नाही, हे मी स्वतःच्या मिक्सरचे पाते गमावून सांगत आहे. इडलीचे पीठ वाटण्याचा दगडी वेट ग्राइंडर असल्यास काम होते. गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून दाबावा आणि कोरड्या, खूप तापलेल्या तव्यावर भाजावा.

प्रश्न : युनेस्कोने मेक्सिकन जेवणाला वारशाचा दर्जा दिला, असे वाचले. चवीला असा दर्जा मिळतो काय? मग आपल्या दाल-बाफल्याला का मिळू नये? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : दर्जा चवीला मिळालेला नाही. 2010 साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जे नोंदवले, ती पारंपरिक मेक्सिकन पाकपद्धती होती, आणि नमुना म्हणून मिचोआकान प्रांताचा दाखला पुढे ठेवलेला होता. त्यात एकाच शेतात मका, शेंगवर्गीय वेल व भोपळा एकत्र लावण्याची ‘मिल्पा’ ही रीत येते, वर सांगितलेली चुन्याची प्रक्रिया येते, आणि ही विद्या सांभाळणाऱ्या गावोगावच्या स्वयंपाकिणी येतात. शेतापासून सणापर्यंतची ही अखंड साखळी जिवंत आहे, यासाठी ती नोंद आहे. दाल-बाफल्याच्या बाबतीतही पाककृतीपेक्षा तो कोणत्या प्रसंगी, कोणाच्या हातून आणि कशावर भाजला जातो, हे आधी लिहून ठेवावे लागेल.

सणाचेच उदाहरण घ्या. 1 आणि 2 नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा दिवस पाळतात. घरात वेदी मांडतात, तीवर गेलेल्या माणसाचे छायाचित्र ठेवतात आणि त्याला जे आवडत असे तेच त्याच्यापुढे वाढतात. ‘मोले’ हे अनेक मिरच्या, तीळ, बदाम आणि मसाले भाजून-वाटून केलेले दाट कालवण असते, मक्याच्या सालपटात उकडलेले तामालेस असतात, खास त्या दिवसांचा गोड पाव असतो. आणि गुळासारख्या कच्च्या साखरेच्या पाकात शिजवलेला भोपळाही असतो. पितृपक्षात आपल्या पानावर लाल भोपळ्याची भाजी असते. पूर्वजांसाठी भोपळा शिजवण्याची दोन घरे पृथ्वीच्या दोन टोकांना एकमेकांना न विचारता उभी आहेत, याचे मला दरवर्षी नवल वाटते. तिकडे वेदीपर्यंतची वाट ज्या फुलांच्या पाकळ्यांनी आखतात, ती फुले झेंडूची. दसऱ्याच्या तोरणातला आपला झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच.

तामालेसच्या बाबतीत तर आपल्याला लांब जाण्याचेही कारण नाही. झाबुआ-अलिराजपूरकडे भिल्ल समाजात मक्याच्या पिठाचे पानिये पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, आणि कोकणातून आलेल्या घरांत तांदळाची पानगी अजून होते. पानात बांधून शिजवलेल्या अन्नाला पानाचा वास लागतो, आणि तो वास लहानपणी नाकात बसला की आयुष्यभर जात नाही.

प्रश्न : नाचोज खरेच मेक्सिकन आहेत का? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : जन्माने होय, वळणाने अर्धवट. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात 1940 च्या दशकात इग्नासिओ अनाया यांनी अवेळी आलेल्या अमेरिकन पाहुण्यांसाठी हाताशी असलेल्या टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि मिरच्या यांतून तो पदार्थ केला. इग्नासिओचे लाडके नाव नाचो. पिवळे पातळ चीज आणि कडक कवचाचा टॅको ही मात्र सीमेपलीकडच्या टेक्ससकडील वळणाची देणगी आहे, आणि आपल्या शहरांत मेक्सिकन म्हणून जे मिळते ते बहुतांशी हेच असते. ते चविष्ट नसते असे मी म्हणत नाही. दिल्लीतल्या वडापावलाही कोणी बेचव म्हणत नाही.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीला चालला आहे. आम्ही शाकाहारी. तो काय खाईल? (एक आई, वडोदरा)

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण विचारून खावे लागेल. राजम्यासारख्या कडधान्याचे घोटलेले वाटण, ज्याला तिकडे ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणतात, ते दिसायला शाकाहारी असले तरी पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेले असते, तामालेसच्या पिठातही तीच चरबी फेटतात आणि तांदूळ कोंबडीच्या रश्शात शिजवतात. ‘मान्तेका’ हा शब्द त्याला प्रवासाआधी पाठ करायला सांगा. त्याचा अर्थ ती चरबी. भोपळ्याच्या फुलांचे किंवा मश्रूमचे केसादिया (सारण भरून दुमडलेली टॉर्टिया), निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, ग्वाकामोले ही अवोकाडोची चटणी, आणि मीठ-मिरची-लिंबू लावलेले भुट्टे त्याला रस्त्यावर सहज मिळतील. भुट्ट्याला मेयोनीज फासण्याची तेथे रीत आहे, आणि त्यात अंडे असते. तेवढे नको म्हणून सांगितले की विक्रेता लिंबाची फोड हातात देतो, आणि जिरावनाची पुडी मुलाने बरोबर नेली असेल तर ती काढण्याची जागा हीच.