वाचकांचे प्रश्न : 'जाय'चं बटण

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा. ऑटिझम आहे, बोलत नाही. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं ॲप टॅबलेटवर घातलं, पण तो एकच बटण वीस वेळा दाबतो, नाहीतर व्हिडिओ उघडतो. घरी कोंकणी, बालवाडीत मराठी. सासूबाई म्हणतात, यंत्र दिलं तर पोर तोंड उघडणारच नाही.
– एक आई, डिचोली

उत्तर : सासूबाईंना सांगा, आजवरच्या अभ्यासांत यंत्रामुळे बोलणं खुंटल्याचं दिसलेलं नाही; काही मुलांचं तर थोडं वाढलं. स्पीच थेरपी मात्र सोडू नका.

वीस वेळा दाबतो तर दाबू द्या. तान्हं बाळ 'बाबाबा' करतं, त्यातलाच प्रकार. त्या दाबण्याला अर्थ तुम्ही द्यायचा. 'पाव' वाजलं की पावाचा तुकडा लगेच हातात.

बहुतेक घरांत चुकतं ते इथे : मोठी माणसं परीक्षा घेतात, "पाव खंय, दाखव बघू." त्याऐवजी बोलता बोलता स्वतः दाबा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की 'पाव'. पेज वाढताना 'आणखी' दाबून विचारा आणि मनात दहा आकडे मोजत गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं.

पहिल्या पानावर आठ-दहाच बटणं ठेवा, पण सगळी खाऊची नकोत. हवं, नको, आणखी, बास, मदत, थांब ही हवीतच. 'नको' म्हणता येत नाही ते मूल ताट ढकलतं, चावतं. एकदा ठरलेली बटणांची जागा हलवू नका. अंधारात दिव्याचं बटण सापडतं तसं बोटाला जागा आठवते. नवा शब्द रिकाम्या चौकटीत घाला.

भाषा घरचीच. स्वतःचा आवाज भरता येतो असं ॲप असेल तर 'जाय' (हवं) आणि 'नाका' (नको) भरा, शक्यतो त्याच्याच वयाच्या मुलाच्या आवाजात. चाचपून बघायला आयआयटी मुंबईचं 'जेलो' मोफत आहे, मराठीतही आहे.

व्हिडिओंसाठी उपाय एकच : हा टॅबलेट फक्त बोलण्याचा. अँड्रॉइडवर ॲप पिन करा, आयपॅडवर 'गाइडेड ॲक्सेस' लावा, म्हणजे पडद्यावर तेच ॲप राहतं. आणि रागावून टॅबलेट काढून घेऊ नका. तो त्याचा आवाज आहे.

पावसात वीज जाते, म्हणून तेच पान कागदावर छापून, लॅमिनेट करून ठेवा. लॅमिनेशन कागदाच्या कडेला घासून कापलं की दमट हवा आत शिरते आणि आठवड्याभरात चित्र फुगतं. चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर प्लास्टिक सोडा, कोपरे गोल कापा.

प्रश्न : मुलाचा हात धरून अक्षरांवर नेऊन वाक्यं लिहून घेणारे भेटले. करावं का?
– एक वडील, फोंडा

उत्तर : नको. तपासण्यांत आढळलं की वाक्यं हात धरणाऱ्याचीच निघतात, आणि त्यालाही ते कळत नसतं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. बोट दाखवायला शिकवताना कोपराला जरासा आधार द्यायला हरकत नाही, पण तो दर आठवड्याला कमी झाला पाहिजे.