'शब्द देही झाला': अवतार की देहधारण?

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात 'शब्द देही झाला' (1:14) असं वाक्य आहे; देव येशूमध्ये माणूस झाला, असा त्याचा रोख आहे. त्यातल्या 'देही'चा अर्थ काय, आणि या घटनेला सरळ 'अवतार' का म्हणू नये?

आधी अवतार. अव + तृ, म्हणजे खाली उतरणं. ख्रिस्ती श्रद्धेतही देव खाली उतरतोच, तेव्हा व्युत्पत्तीत अडचण नाही. अडचण आहे ती मराठीत या शब्दाला चिकटलेल्या छटांची. 'काय हा अवतार केलायस!' म्हणताना आपला रोख कपड्यांवर आणि विस्कटलेल्या केसांवर असतो. 'अवतारकार्य संपलं' म्हणताना घेतलेलं रूप टाकून निघून जाणं गृहीत असतं. शिवाय गीतेतलं आश्वासन 'युगे युगे' आहे. ख्रिस्ती सिद्धान्तात ही घटना एकदाच घडते आणि घेतलेला देह कधीच टाकला जात नाही. पुनरुत्थानानंतर येशू आपल्या शिष्याला, थोमाला, हातांवरचे व्रण दाखवतो. मरणापलीकडेही देह तोच, जखमांसकट.

म्हणून ख्रिस्ती मराठीत 'देहधारण' रूढ आहे आणि तो अधिक नेमका आहे. तरी त्यानं माझं पूर्ण समाधान होत नाही. आपण वेष धारण करतो, शस्त्र धारण करतो. धारण केलेलं उतरवता येतं. मूळ ग्रीक वाक्यात क्रियापद 'झाला' असंच आहे, आणि पुढचा शब्द आहे 'सार्क्स': चक्क मांस. थकणारं, भुकेजणारं, मरणारं. आरंभीच्या काळात काहींना हे सहन झालं नाही. येशूचा देह हा नुसता भास, असं ते म्हणू लागले. 'भासणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरूनच त्यांना डोसेटिस्ट हे नाव पडलं. चर्चनं त्यांचं म्हणणं नाकारलं. पुढे 451 साली खाल्किदोन इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेनं सांगितलं: तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन्ही स्वभाव एकमेकांत न मिसळलेले आणि एकमेकांपासून न तुटलेले.

आता 'देही'. 'इन्' प्रत्ययानं बनलेला शब्द, अर्थ देह असलेला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही जुनी वस्त्रं टाकावीत तशी शरीरं टाकतो. मराठी बायबलात तोच शब्द देह कायमचा आपलासा करणाऱ्यासाठी आला आहे. शब्द एकच, आणि दिशा अगदी उलट!

पण वाक्याचं खरं बळ कर्त्यात आहे. 'शब्द' हे 'लोगोस'चं भाषांतर, आणि लोगोस म्हणजे नुसता उच्चार नव्हे. बोलणं, विचार, हेतू, हिशेब, सगळं त्यात येतं. स्टोइक तत्त्वज्ञ विश्वाला धरून ठेवणाऱ्या सुसंगतीला लोगोस म्हणत. शब्दब्रह्माशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला ही व्याप्ती परकी वाटू नये. योहान आधी सांगतो की सर्व काही या शब्दाच्या द्वारे झालं, आणि मग अकरा वचनांनी म्हणतो की तोच मांस झाला. तारे ज्या अर्थानं बांधले गेले, तो अर्थ गालीलातल्या एका सुताराच्या घरात वाढला. हे खरं मानलं तर जडसृष्टीकडे बघण्याची रीतच बदलते. ती आत्म्याचा तुरुंग राहत नाही, देवाला सामावून घेऊ शकणारी जागा ठरते. सातव्या शतकातले ख्रिस्ती धर्मचिंतक मॅक्सिमस म्हणत की प्रत्येक निर्मित वस्तूला तिचा स्वतःचा लोगोस असतो आणि ते सगळे त्या एका लोगोसमध्ये एकवटतात. बाप्तिस्म्याचं पाणी, भाकर, द्राक्षारस, तेल ही साधी द्रव्यं ख्रिस्ती उपासनेत इतकी महत्त्वाची का, हेही यातूनच उलगडतं.

पुढचं 'आमच्यामध्ये वस्ती केली' हेही बघण्यासारखं. ग्रीकमध्ये शब्दशः 'तंबू ठोकला'. इस्राएल लोकांच्या वाळवंटातल्या प्रवासातला निवासमंडप, म्हणजे देवाच्या वस्तीचा तंबू, तिथे आठवावा. आपण 'आज इथेच वस्तीला आहे' म्हणतो, तो मुक्कामाचा अर्थ मला इथे फार जवळचा वाटतो.

तेव्हा उत्तर असं: सिद्धान्ताचं नाव म्हणून 'देहधारण' वापरावं. संवादात 'अवतार' आला तर तो चूक मानू नये, फक्त फरक सांगावा. अर्थ मात्र 'देही झाला' यातल्या 'झाला'वर जोर देऊन समजून घ्यावा. योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवात सोबत वाचावी. जे डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं, ते सांगतो, असं तिथे म्हटलं आहे. मराठीत त्यासाठी 'याचि देही याचि डोळा' हे शब्द तयारच आहेत.