कोरड्या ओढ्यात सोनं शोधायला कोणता मेटल डिटेक्टर घ्यावा? लोखंड वगळणारा मोड चालू ठेवावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, बंद ठेवा. यावरून माझी आणि थोरल्या भावाची कित्येक वर्षं जुंपलेली आहे, म्हणूनच लिहायला बसलोय.

दादाचं म्हणणं, मशीनने लोखंड सांगितलं की पुढे सरकायचं, खिळे उपसण्यात दिवस घालवायचा नाही. पण जमिनीत लोहखनिज जास्त असलं की बारीक किंवा खोलवरचं सोनंही मशीन लोखंडातच जमा करतं. आणि ओढ्यात सोनं जिथे बसतं तिथे काळी वाळूही बसतेच. गारगोटीची घनता 2.65, मॅग्नेटाइटची (काळ्या वाळूतल्या लोहखनिजाची) 5.2, सोन्याची 19.3. पाण्याचा जोर कमी झाला की जड ते आधी खाली जातं.

एका वळणाच्या आतल्या अंगाला खडक उघडा पडला होता. दादा तिथून दोनदा फिरून गेलेला. मी मोड बंद केला, हेडफोन लावले आणि कॉईल, म्हणजे मशीनची खालची शोधचकती, जवळजवळ खडकाला टेकवून सावकाश फिरवली. एका भेगेवर सूर किंचित वर गेला, बस एवढंच. "खिळा असेल, चल," दादा म्हणाला. मी भेगेतली चिकणमाती खरवडली, तसा आवाज वाढला. लोहचुंबक फिरवला, त्याला काळी वाळू केसांसारखी चिकटली, पण आवाज मातीतच राहिला. माती प्लास्टिकच्या भांड्यात घेऊन अर्धी अर्धी करत कॉईलवरून नेली. शेवटच्या चिमटीत तुरीच्या डाळीएवढा खडा होता, मळकट, कडा झिजलेल्या. तळहातावर ठेवला तर एवढ्याशा खड्याचं वजन जाणवत होतं.

दादा अजून त्याला नशीब म्हणतो. कसलं नशीब? आवाज तिथे होताच, त्याच्या मशीनने तो त्याच्या कानापर्यंत पोहोचू दिला नाही. तो ऑस्ट्रेलियातल्या 'हँड ऑफ फेथ' या सोन्याच्या गोळ्याचा दाखला देतो, 1980 साली डिटेक्टरनेच सापडलेला, 27 किलोचा. अहो, तेवढा गोळा कुठल्याही मोडमध्ये वाजेल!

मशीनचं म्हणाल तर खनिजाच्या जमिनीत खोल जायला पल्स इंडक्शन (विजेचे ठोके सोडून प्रतिसाद ऐकणारं मशीन), उथळ खडकावरच्या बारीक सोन्याला व्हीएलएफ (कमी वारंवारतेची सलग लहर सोडणारं). ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजाचा आवाज दाबण्याची जुळणी, मात्र जागा बदलली की पुन्हा करा.

हेही खरं की खणलेल्यात बहुतेक वेळा खिळे आणि शिसंच निघेल. शिसं तर हुबेहूब सोन्यासारखं वाजतं. जागेची परवानगी आधी घ्या, खड्डे बुजवा, आणि वरच्या अंगाला आभाळ भरून आलं तर पात्रातून लगेच बाहेर या.