एक गुंठा, अकरा मालक

“पैसे थोडेच आहेत, पण जागेतच टाकायचेत. आता नाही घेतलं तर पुढे कधीच परवडणार नाही.” पिंपरी-चिंचवड परिसरात आर्थिक समुपदेशन करताना हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणारा बहुधा तिशीचा असतो, पगारदार असतो, आणि त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी दहा वर्षांपूर्वी मोशीत किंवा चाकणला जागा घेऊन पैसा केलेला असतो. अशाच एका जोडप्याची ही हकीकत आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात, ती एका दवाखान्यात हिशेब पाहणारी. मोशीत भाड्याचं घर, साठवलेले साडेचार लाख. एका एजंटने त्याला खेड तालुक्यात एक गुंठा दाखवला होता. भाव सहा लाख, इसार 51 हजार, तोही रविवारच्या आत. उरलेल्या दीड लाखासाठी पर्सनल लोन काढायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं. माझ्याकडे यायचा आग्रह बायकोचा.

“मॅडम, सातबारावर आमचं नाव लागणार आहे. मग भीती कसली?” त्याने आल्या आल्या विचारलं.

मी कागद मागितले. सातबारावर नाव लागणार होतं हे खरं, पण एकट्याचं नाही. अकरा गुंठ्यांचा एक तुकडा अकरा जणांनी मिळून घ्यायचा आणि सगळ्यांची नावं सामाईक लावायची, अशी ती योजना. यामागचं कारण समजून घ्या. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडून विकायला अटकाव करणारा तुकडेबंदी कायदा महाराष्ट्रात 1947 पासून आहे. 2023 च्या अधिसूचनेनुसार बागायतीचं किमान क्षेत्र 10 गुंठे आणि जिरायतीचं 20 गुंठे. शेतजमिनीतला सुटा एक गुंठा एरवी दस्ताने विकता येत नाही, म्हणून एजंट माणसं गोळा करून मर्यादा गाठतो. शहरी भागातल्या जुन्या तुकड्यांसाठी शासनाने 2025 मध्ये मार्ग काढला, पण तो झालेल्या व्यवहारांसाठी. नवा गुंठा घ्यायला निघालेल्याने त्यावर विसंबू नये.

सामाईक सातबारावर तुमचा हिस्सा असतो, हद्द नसते. तुमचे 1,089 चौरस फूट नेमके कुठले हे कुठल्याच सरकारी नकाशात नाही. एजंटने चुन्याने आखलेले प्लॉट आणि त्याच्या रंगीत कागदावरचे नंबर यांना अर्थ नाही. बांधकामाची परवानगी हवी तर बाकी दहा जणांची संमती लागणार. अशा हिश्श्यावर बँक गृहकर्ज देत नाही. उद्या विकायला काढाल तर गिऱ्हाईकही तुमच्यासारखंच रोख पैसेवालं आणि कागद न पाहणारं शोधावं लागेल. त्या गुंठ्याचा भाव कमी का, याचं उत्तर एवढंच आहे. कागदातली उणीव भावातून वजा झालेली असते आणि एजंट ती सवलत म्हणून विकतो.

तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. “मेहुण्याने असंच घेतलं होतं. आज तिप्पट झालेत.”

मेहुण्याचा व्यवहार मी खोटा म्हणणार नाही. पण तुलना करताना माणूस दुसऱ्याचा फायदा पाहतो, त्याची ऐपत पाहत नाही. मेहुण्याकडे वडिलांचं राहतं घर होतं. गुंठा अडकला असता तरी त्याचा संसार अडला नसता. यांच्याकडे हेच साडेचार लाख. मी तिच्याकडे वळून विचारलं, “हे पैसे सहा महिन्यांत परत लागण्याची वेळ येऊ शकते का?” ती म्हणाली, “सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आणि आम्हाला आता मूल हवंय.” त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. या पैशांशी त्यांची सांगड घातलेली नव्हती, इतकंच. थोडे पैसे असलेल्याला चूक परवडत नाही, हे मला जिवाच्या आकांताने सांगावंसं वाटतं. कोट्यवधीवाल्याचे सहा लाख बुडाले तर त्याचा एक व्यवहार बुडतो, या दोघांची मात्र सात वर्षं बुडाली असती.

मग फ्लॅटचा विषय निघाला. घ्यायचा, भाड्याने द्यायचा, हप्ता भाड्यातून फिटेल, हा दुसरा लोकप्रिय समज. तो आम्ही कागदावर मांडला. 30 लाखांचा वन बीएचके धरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळतात, म्हणजे 27 लाख. तीन लाख आपले. महापालिका हद्दीत अधिभार धरून मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. अशा घरात हे दोन खर्च बँक कर्जात धरत नाही. किल्ली हातात येण्याआधीच 5 लाख 40 हजार गेले, वकील आणि सोसायटीचे पैसे वेगळे. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 23 हजार चारशेच्या आसपास. त्यांच्याच इमारतीत वन बीएचकेचं भाडं 10 हजार होतं. दरमहा 13 हजारांवर खिशातून. राहण्यासाठी घेतलं तर गोष्ट निराळी, तिथे भाडं वाचतं आणि डोक्यावर छप्पर येतं. पण गुंतवणूक म्हणून हे घर त्यांना पोसणार नव्हतं, त्यांनाच ते पोसावं लागलं असतं.

“मग आमच्यासारख्यांनी जागेच्या नादाला लागूच नये का?” त्याचा आवाज चढला होता. त्याचा राग मला समजतो. गावाकडून येऊन शहरात राबणाऱ्याला स्वतःच्या नावाची जमीन हवी असते, त्यात लोभापेक्षा भीती जास्त असते.

मी त्याला रीटबद्दल सांगितलं. मोठ्या, भाड्याने दिलेल्या कार्यालयांची किंवा मॉलची मालकी एका ट्रस्टकडे, आणि त्या ट्रस्टची युनिट शेअर बाजारात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे नियम 2014 चे, आपल्याकडचा पहिला रीट 2019 मध्ये नोंदला गेला. किमान 80 टक्के मालमत्ता तयार आणि भाडं देणारी असावी लागते, आणि वाटपयोग्य रोख रकमेतले किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावे लागतात. 2021 पासून एक युनिटही घेता येतं, ते काही शे रुपयांत मिळतं. हिंजवडीचं क्वाड्रन संकुल एम्बसी रीटकडे आहे, औंधचा वेस्टएंड मॉल नेक्सस या दुसऱ्या रीटकडे. यात भाव खाली जातो, कार्यालयं रिकामी होतात, परताव्याची हमी नसते, हेही सांगितलं. हमी देणारा भेटला तर उलट जास्त सावध व्हायचं.

“त्यावर घर बांधता येत नाही,” तो म्हणाला. बरोबर आहे. पण चार दिवसांत विकून ऑपरेशनचे पैसे उभे करता येतात.

खरं वळण यानंतर आलं. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असावं लागतं, म्हणून तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा कुठला, असं मी सहज विचारलं. पाटण तालुक्यात वडिलोपार्जित सव्वा एकर आणि जुनं घर आहे, असं कळलं. सातबारा कुणाच्या नावावर? आजोबांच्या. आजोबांना जाऊन किती वर्षं झाली? खूप. वारस नोंद? “ते राहूनच गेलंय.”

परक्याच्या अकरा गुंठ्यांत एक हिस्सा घ्यायला सहा लाख द्यायला निघालेल्या माणसाची स्वतःची जमीन मयताच्या नावावर पडून होती! असं घर मला दर महिन्याला भेटतं. वारस नोंदीला पैसा जवळजवळ लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर द्यायचा. हरकतीसाठी नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर करतो. शासनाने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. पुढे सहमतीने वाटप करायचं तर शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क 100 रुपये आहे.

इथे तो पटकन म्हणाला, “आत्यांचं हक्कसोड घ्यावं लागेल.” मी त्याला थांबवलं. दोन्ही आत्यांचा हक्क कायद्याने आहे, तो त्यांनी सोडायचा की नाही हे त्यांचं त्या ठरवतील. आधी वडील, चुलते आणि दोन्ही आत्या, अशी चारही वारसांची नावं लावा. आत्यांना घरी जाऊन सांगा, कागद वाचून दाखवा, कोऱ्या जागी सही मागू नका. जमिनीचे बहुतेक दावे मोजणीच्या आधी मन दुखावण्यापासून सुरू होतात.

रविवार आला आणि गेला, इसार दिला नाही. एजंटने “शेवटचा प्लॉट” आणखी दोनदा देऊ केला. दोन लाख मुदत ठेवीत गेले, अडीनडीशिवाय त्याला हात लावायचा नाही असं दोघांनी ठरवलं. एक लाख रीटमध्ये, तोही थोडा थोडा, डीमॅट खातं तिच्या नावाने. उरलेले दीड लाख आणि दरमहा 12 हजार स्वतःच्या घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी. ऑपरेशन झालं, त्यात ठेवीतले काही पैसे गेले. गावच्या सातबारावर आता वडील, चुलते आणि दोन्ही आत्या, चौघांची नावं आहेत. वाटप मात्र अडलंय. विहिरीकडची पट्टी कुणाची यावर वडील आणि चुलते अजून एकमत करू शकलेले नाहीत. धाकटी आत्या मध्ये पडली आहे, तिचं दोघंही ऐकतात.

सध्या ते राहण्यासाठी घर बघतायत. एकट्या तिच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, म्हणून तिच्याच नावाने. मागच्या भेटीत मी त्यांना सांगितलं की बिल्डरच्या कार्यालयात बसण्याआधी, गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, ताबा देण्याची तारीख आणि जमिनीच्या मालकीचा अहवाल डाऊनलोड करून वाचा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, मागितली तर उठून या. पुढच्या शनिवारी दोन प्रकल्पांचे कागद घेऊन ते येणार आहेत. टोकन कुठेच दिलेलं नाही.