रिपोर्ट नॉर्मल, पण सकाळी हात थरथरतात

प्रश्न: डॉक्टर, माझे मिस्टर 46 वर्षांचे आहेत, रोज रात्री बिअरचे चार-पाच कॅन होतात, वर म्हणतात बिअर म्हणजे काय दारू आहे का, आणि मागच्या महिन्यात लिव्हरची टेस्ट नॉर्मल आली तेव्हापासून काही बोललं की तो रिपोर्टच पुढे करतात. पण हल्ली सकाळी कप दोन्ही हातांनी धरतात, तरी बशीवर खडखडतो. सगळे कॅन ओतून टाकू का?

उत्तर: ताई, तुमची तळमळ कळते, पण आज लगेच ओतून टाकू नका, का ते सांगते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या कपाची वाटली. रात्रभरात दारू उतरते आणि तिची सवय झालेला मेंदू खवळतो, म्हणून ती थरथर. अशा माणसाची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, बडबड, कधी जिवावरही बेततं. घरच्यांनी चांगल्या हेतूने कपाटाला कुलूप लावलं आणि तिसऱ्या दिवशी पेशंट भ्रमात, असं फार वेळा होतं हो. म्हणून आधी डॉक्टर गाठा. काही दिवस औषधं देऊन मग ती औषधं हळूहळू कमी करतात, सोबत बी-1 व्हिटॅमिन, आणि हे व्यवस्थित जमतं.

आता बिअरचं. 330 मिलीच्या 5 टक्केवाल्या कॅनमध्ये साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं, 30 मिली व्हिस्कीच्या एका पेगमध्ये साडेनऊच्या आसपास. म्हणजे चार-पाच कॅन म्हणजे सहा-सात पेग झाले की, रोजचे!

रिपोर्टवर तर अजिबात विसंबू नका, सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेल्यांचेही या टेस्टमधले एन्झाइम कधीकधी नॉर्मल येतात. शिवाय तोंड, घसा, अन्ननलिका, मोठं आतडं यांच्या कॅन्सरचा धोका दारूने वाढतो, तो या टेस्टमध्ये दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 1988 मध्येच दारूला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलंय, त्यात बिअरला सूट नाही.

नुसतं लिव्हरला चरबी धरण्यापर्यंतच आलं असेल तर दारू पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांत ती उतरायला लागते, हे मिस्टरांना जरूर सांगा, पण सकाळी शांत वेळ बघून, रात्री नको. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागले तर थेट हॉस्पिटल. एरवी या आठवड्यातच दाखवा, रिपोर्ट सोबत न्या, पण डॉक्टरांना आधी कपाचं सांगा.