टायगर शार्क बघायला निघालीस म्हणून

प्रिय पोरी,

मालदीवच्या फुवाहमुला बेटावर जायचं ठरवलंस, छान. पण तुझ्या मेसेजमध्ये कॅमेऱ्याबद्दल सगळं आहे, बॉयन्सीबद्दल, म्हणजे पाण्यात न बुडता, न वर जाता तरंगत राहण्याबद्दल, एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र.

मालवणला गाइडने मागून टाकी धरून फिरवलं, ती हौस झाली. इथे हातपाय न झाडता, प्रवाहातही एका जागी स्थिर राहता आलं पाहिजे. ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला, कोर्स कर, मग साध्या पाण्यात भरपूर डाइव्ह कर. तोवर बुकिंग नको.

मालदीवने २०१० साली शार्कच्या मासेमारीवर बंदी आणली. फुवाहमुलाच्या बंदरापाशी कोळी माशांची घाण टाकतात, त्या वासाने टायगर शार्क जमतात. डाइव्ह सेंटरवालेही आमिष लावतात. म्हणजे शार्क खायला आलेले असतात, हे विसरू नकोस. आमिषापासून लांब राहा. प्रवाह आमिषावरून जिकडे वाहतो तिकडे तर मुळीच थांबू नकोस. वास घेत शार्क त्याच वाटेने येतो.

चार मीटरचा हा प्राणी संथ वाटतो, पण त्याला मागून यायला आवडतं. आपण बघतोय हे कळलं की बहुतेकदा वळतो. म्हणून पाण्यात उभी राहा, तो फिरेल तशी तूही फिर. हात अंगाशी ठेव, काळे हातमोजे घाल. उघडा तळवा हलला की मासळीच्या तुकड्यासारखा दिसतो. अंगठ्या, कडी खोलीवरच.

खरी भीती मला वाटते ती तू ज्याचा फोटो काढत नाहीयेस त्या शार्कची. कॅमेऱ्याला डोळा लावला की बाकीचा समुद्र संपतो, आणि हवा किती उरली तेही लक्षात राहत नाही. पहिल्या डाइव्हला कॅमेरा बोटीवर ठेव. (ऐकणार नाहीस, ठाऊक आहे.) वर येतानाही गट सोडू नकोस. पृष्ठभागावर पाय आपटू नकोस, शिडी हाती येईपर्यंत नजर खाली असू दे.

पैसे भरण्याआधी विचार: एका गाइडमागे किती जण? मागची बाजू राखायला दुसरा असतो का? बोटीवर ऑक्सिजन आणि रक्तस्राव थांबवायचा पट्टा आहे का? शार्कच्या नाकाला हात लावून फोटो काढून देतो म्हणाले, तर दुसरं सेंटर बघ.

तुझा,
काका